बाई साहेब होते तेव्हा: साताऱ्यातल्या कंपन्यांमधून वारंवार येणारे प्रश्न

सातारा एमआयडीसी, देगावची वाढीव वसाहत, शिरवळ, केसुर्डी, लोणंद, कराडजवळचं तासवडे. या पट्ट्यातल्या कंपन्यांत मी एचआरची कामं आणि प्रशिक्षणं करते. प्रशिक्षण संपल्यावर "काही शंका?" म्हटलं की सगळे गप्प. प्रश्न येतात ते नंतर, फोनवर, बहुतेक रात्री जेवणं उरकल्यावर. तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागले म्हणून इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत इंजिनिअर मुली आहेत, मॅनेजर बायका आहेत, काही मालक आहेत आणि चिडलेले काही पुरुषही आहेत.

कायद्याबद्दल सुरुवातीलाच एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. १९७६ चा समान वेतन कायदा आणि १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आता या संहितांच्या पोटात गेले आहेत, मूळ हक्क बहुतांशी तेच आहेत. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात, तो वेगळाच आहे आणि तसाच चालू आहे.

१. भेदभाव म्हणजे नक्की काय धरायचं? आमच्या कंपनीत बाईमाणसाला कुणी वाकडं बोलत नाही.

बोलत नसतील. बहुतेक ठिकाणी खरंच बोलत नाहीत, उलट जरा जास्तच अदबीनं वागतात. पण एक नेहमीचं चित्र बघा. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून एक मुलगा आणि एक मुलगी एकाच दिवशी ट्रेनी म्हणून लागतात. मुलाला मशीन शॉपला टाकतात. मुलीला म्हणतात, "तुम्ही डॉक्युमेंटेशन बघा, तुमचं काम नीटनेटकं असतं." तो रात्री-बेरात्री ब्रेकडाउनला जातो, पुण्याजवळच्या चाकणच्या कस्टमरच्या शिव्या खातो, नवी लाइन उभी करताना तिथे असतो. ती ऑडिटच्या फायली लावते, एमआयएस म्हणजे वरिष्ठांसाठीचे आकड्यांचे अहवाल काढते, पाहुणे आले की प्लांट दाखवते. सहा वर्षांनी प्रॉडक्शन मॅनेजरची जागा निघते. समिती दोघांच्या फायली समोर ठेवते आणि प्रामाणिकपणे त्याला निवडते, कारण अनुभव त्याच्याकडेच आहे.

त्या बैठकीत कुणी लबाडी केलेली नसते. जे व्हायचं ते सहा वर्षं आधी, काम वाटताना होऊन गेलेलं असतं. म्हणून कुणी मला "आमच्याकडे प्रमोशन मेरिटवर होतं" असं सांगितलं, तर मी मेरिटचा तक्ता मागत नाही. गेल्या वर्षी कोणतं काम कुणाला दिलं, त्याची यादी मागते. पुढची बरीच उत्तरं या एका मुद्द्यावर येऊन टेकतात, म्हणून हे आधी सांगितलं.

२. हे लोक मुद्दाम करतात का?

काही करतात. बहुतेकांना आपण करतोय हे कळतही नाही. २०१२ साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. प्रयोगशाळेच्या मॅनेजरपदासाठी एकच अर्ज तयार केला. निम्म्या प्राध्यापकांना तो 'जॉन'च्या नावानं पाठवला, निम्म्यांना 'जेनिफर'च्या. बाकी शब्दन् शब्द तोच. जॉनला जास्त लायक ठरवलं गेलं आणि वर्षाला सरासरी सुमारे ३० हजार डॉलर पगार सुचवला गेला. जेनिफरला सुमारे साडेसव्वीस हजार. हे सगळे विज्ञान शिकवणारे लोक होते, पुराव्याशिवाय बोलायचं नाही अशी ज्यांची शिस्त. आणि त्यांच्यातल्या स्त्री प्राध्यापकांनीही तसंच केलं.

म्हणून "आमचे साहेब देवमाणूस आहेत" हे खरं असलं तरी त्यानं प्रश्न मिटत नाही.

३. आमच्याकडे मुळात बायकाच कमी. मग वरच्या खुर्चीत कुठून येणार?

देशाचे आकडे बघितले तर १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. पण ही वाढ मुख्यतः ग्रामीण भागातली आहे आणि तिच्यात शेती, घरचा धंदा, स्वतःचा छोटा उद्योग यांचा वाटा मोठा आहे. नेमणूकपत्र, पीएफ आणि बढती असलेली नोकरी ही त्यातली छोटी फांदी.

तरीही "बायकाच नाहीत" हे उत्तर मला अर्धवट वाटतं. हजेरीपटावर नजर टाकली की दिसतं, की बायका असतात. पण त्या एचआर, अकाउंट्स, क्वालिटीची लॅब, फ्रंट ऑफिस आणि फार तर पर्चेसमध्ये. प्लांट हेड निवडायचा झाला की तो उत्पादन, मेंटेनन्स किंवा विक्रीतून येतो. ज्या जिन्यानं वर जायचं, त्या जिन्यावर बायकांना उभंच केलेलं नसतं.

आणि कारणं कधी कधी फारच साधी असतात. कित्येक जुन्या युनिटांत महिलांचं स्वच्छतागृह फक्त ऑफिसच्या इमारतीत असतं. शॉप फ्लोअरवरून तिथे जायचं तर अख्खं अंगण ओलांडून जावं लागतं. मग एखादी मुलगी मशीन शॉपला घेतली, तर ती दिवसभर पाणी पीत नाही आणि तीन महिन्यांत स्वतःच बदली मागते. फाइलवर शेरा पडतो: "उमेदवारास शॉप फ्लोअरमध्ये रस नाही." मालक कोट्यवधींचं मशीन घेतो, पण हे बांधकाम पुढच्या वर्षावर ढकलतो. माझ्या मते नेतृत्व विकासाच्या कुठल्याही कार्यक्रमाआधी हा खर्च करावा.

४. पण घरच्या जबाबदारीमुळे बायकांनाच मोठी पोस्ट नको असते, हे खरं नाही का?

काहींना नको असते. काही पुरुषांनाही नको असते, फक्त त्यांना तसं म्हणायची सोय नाही.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते नेमक्या या विषयावरच्या कामासाठी. त्यांच्या मांडणीत एक गोष्ट आपल्या कंपन्यांना तंतोतंत लागू पडते. शिक्षण आणि सुरुवातीचा पगार जवळपास सारखा असतो. मोठी दरी पडते ती पहिल्या मुलानंतर. आणि ती जास्त पडते अशा नोकऱ्यांत, जिथे कधीही हाक मारली की हजर राहणाऱ्याला भरपूर जास्त मोबदला मिळतो. मग घरातल्या दोघांपैकी एकजण हाकेला धावतो आणि दुसरं माणूस घर धरून ठेवतं. ते दुसरं माणूस कोण, हे साताऱ्यात सांगायला लागत नाही.

साताऱ्याहून शिरवळला जाणाऱ्या बसचं उदाहरण घ्या. खंबाटकी घाटात ट्राफिक अडकलं की घरी पोचायला किती वाजतील याचा नेम नाही. रोजची मीटिंग साडेपाचला ठेवली, की बस चुकते. जिला घरी मूल आहे ती मीटिंग सोडून बस धरते आणि "कमिटमेंट कमी" ठरते. तीच मीटिंग सकाळी दहाला घेतली तर उत्पादनात काही फरक पडत नाही. इच्छा नाही म्हणण्याआधी वेळापत्रक तपासा.

आणि एक साधी रीत पाळा: तिला विचारा. "तिला नाही जमणार" हे तिच्या वतीनं दुसऱ्यानंच ठरवून टाकलेलं मी सर्वाधिक वेळा ऐकलं आहे.

५. शिफ्ट इनचार्ज व्हायचं तर नाईट करावी लागते. कंपनी म्हणते, कायदाच बायकांना नाईट देऊ देत नाही.

हे जुनं झालं. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत स्त्रीला सर्व प्रकारच्या आस्थापनांत काम करता येतं. संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधीही, तिची संमती असेल आणि मालकानं सुरक्षिततेच्या अटी पाळल्या तर. संमती तिची लागते, हे नीट लक्षात घ्या. ती नाही म्हणाली तर सक्ती करता येत नाही, आणि ती हो म्हणत असेल तर "आम्हाला जबाबदारी नको" एवढ्यावर तिला कायमचं बाजूला ठेवणं मला कायद्याच्या हेतूविरुद्ध वाटतं. दारापर्यंत गाडी, उजेड, आणि शिफ्टला एकटीच बाई नसणं, एवढी तजवीज आधी व्हायला हवी.

६. इंटरव्ह्यूमध्ये "लग्न कधी करणार, मूल कधी" असं विचारलं. हे चालतं का?

प्रश्न विचारण्यावर थेट बंदी घालणारं कलम दाखवता येणार नाही. पण वेतन संहितेनुसार भरती करताना लिंगावरून भेदभाव करता येत नाही, त्यामुळे या उत्तराच्या आधारे नाकारणं बेकायदा आहे. अडचण सिद्ध करण्याची. नोकरी हवी असेल तर उत्तर कामाकडे वळवा: "इथे शिफ्ट आणि प्रवास किती आहे ते सांगा, मला जमेल की नाही ते मी स्पष्ट सांगते." समोरच्याला खरं तेवढंच जाणून घ्यायचं असतं, निदान असायला हवं.

इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना माझी सूचना: जो प्रश्न मुलाला विचारत नाही, तो मुलीला विचारू नका. शेजारच्या गावचे असलात तरी "कुणाच्यातली तू?" हेही नको.

७. माझ्यासोबत लागलेल्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त पगार आहे. काय करता येईल?

आधी काम तेच आहे का ते बघा. कायद्याची भाषा "तेच काम किंवा त्याच स्वरूपाचं काम" अशी आहे, म्हणजे कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी, आणि कामाची परिस्थितीही सारखी. हुद्द्याचं नाव वेगळं ठेवून सुटता येत नाही. १९८७ मध्ये मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्त्री स्टेनोग्राफरांच्या बाजूनं निकाल दिला होता. कंपनीनं त्यांना 'विश्वासू' स्टेनो म्हणून वेगळ्या गटात टाकलं होतं आणि पगार कमी दिला होता. आर्थिक स्थिती चांगली नाही हेही कारण न्यायालयानं मानलं नाही.

मॅनेजर हुद्द्यावरच्यांनी एक ध्यानात ठेवावं. औद्योगिक वादात ज्याला 'कामगार' म्हणतात त्या व्याख्येत तुम्ही सहसा बसत नाही. पण वेतन संहितेतल्या 'कर्मचारी' या व्याख्येत व्यवस्थापक आणि पर्यवेक्षकही येतात, त्यामुळे समान वेतनाची दाद तुम्हालाही मागता येते.

व्यवहारात मात्र फरक बऱ्याचदा लागतानाच पडलेला असतो. मुलगा मागच्या कंपनीच्या पगारावर तीस टक्के मागतो आणि घासाघीस करतो. मुलगी "तुम्ही द्याल ते" म्हणते. पुढची दहा वर्षं टक्क्यांवर टक्के चढतात आणि दरी रुंद होत जाते. अप्रेझलला "मला वाढवून द्या" म्हणण्यापेक्षा "या ग्रेडचा किमान-कमाल पगार किती आणि मी त्यात कुठे आहे" असं लेखी विचारा. त्याला उत्तर द्यावं लागतं.

८. बाळंतपणाच्या रजेवरून आले तर रेटिंग खाली आणि माझी टीम दुसऱ्याकडे. हे बरोबर आहे का?

नाही. रजा २६ आठवड्यांची आहे, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीआधी घेता येतात. आधीची दोन मुलं असतील तर १२ आठवडे. अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. या रजेच्या काळात किंवा रजेमुळे कामावरून काढणं बेकायदा आहे, आणि सेवेच्या अटी तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलणंही बेकायदा आहे. टीम काढून घेऊन "स्पेशल प्रोजेक्ट" देणं हे या दुसऱ्या गोष्टीत मोडू शकतं, पण त्यासाठी आधीची नेमणूक कागदावर असली पाहिजे. म्हणून रजेवर जाताना कामाचा हवाला मेलवर द्या आणि परतल्यावर तीच जबाबदारी परत मिळेल, असं साहेबांकडून मेलवरच घ्या.

रेटिंगचं सोपं आहे: जितके महिने काम केलं तितक्याच महिन्यांचं मोजा. पाच महिन्यांचं उद्दिष्ट पूर्ण केलं असेल तर ते पूर्ण झालं.

५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. एकट्या युनिटला परवडत नसेल तर काही आस्थापनांनी मिळून सामाईक पाळणाघर चालवायलाही संहितेत मुभा आहे. एमआयडीसीत शेजारी-शेजारी गाळे असताना हे कुणाला सुचू नये याचं मला नवल वाटतं.

९. शॉप फ्लोअरवरचे कामगार बाईचं ऐकत नाहीत. मग तिला तिथे हेड कसं करायचं?

हा युक्तिवाद भारत सरकारनं लष्कराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयात करून बघितला आहे. जवान मुख्यतः ग्रामीण भागातले असतात, त्यांच्या मनाची बाईचा हुकूम ऐकायची तयारी नसते, असं सांगितलं गेलं. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात न्यायालयानं तो फेटाळला आणि स्त्री अधिकाऱ्यांना कायम कमिशन (म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी) आणि कमांडची नेमणूक मिळण्याची वाट मोकळी केली. घराघरातून फौजेत माणसं देणारी अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आपल्या जिल्ह्यात. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली आणि आता सैनिक शाळांत मुलीही शिकतात. तेव्हा फोर्जिंग शॉपचा कामगार जवानापेक्षा जास्त अवघड आहे असं म्हणायचं असेल, तर पुरावा द्यावा.

कामगार ऐकत नाहीत तेव्हा मी आधी एकच गोष्ट बघते: रजेचा अर्ज कुणाकडे जातो? कामगार तिला ओलांडून थेट प्लांट हेडच्या केबिनमध्ये जातो, आणि प्लांट हेड "जा रे, मी सांगतो मॅडमना" म्हणून सही करतो. एवढं दोनदा झालं की संपलं. पुढे तिचं कुणी का ऐकावं? यात कामगाराचा दोष थोडा आणि केबिनमधल्या माणसाचा जास्त. प्लांट हेडनं "आधी मॅडमची सही आण" म्हणून माणूस परत पाठवला, की पंधरवड्यात चित्र बदलतं.

कामगार 'ताई' म्हणतात म्हणून काही जणींना वाईट वाटतं. मला त्यात कमीपणा दिसत नाही. ताई म्हणूद्यात, ओव्हरटाइमच्या कार्डावर सही ताईचीच चालली पाहिजे.

१०. ठामपणे बोलले तर "फार आक्रमक", सांभाळून घेतलं तर "नेतृत्वगुण कमी". करायचं काय?

हा पेच तुमच्या स्वभावातला नाही, दोन अपेक्षांच्या टकरीतला आहे. साहेबाकडून करारीपणा हवा असतो आणि बाईकडून मऊपणा, आणि तुम्ही एकाच वेळी दोन्ही आहात. आवाज बदलून बघण्यात वर्षं घालवू नका. अप्रेझलमध्ये असा शेरा आला तर एवढंच विचारा: "कुठल्या प्रसंगी? त्यामुळे कामाचं काय नुकसान झालं? त्या जागी काय करायला हवं होतं?" प्रसंग सांगता आला तर त्यातून खरंच शिकण्यासारखं निघेल. नाही सांगता आला तर शेरा लेखी रेकॉर्डवरून काढायची विनंती करा. अप्रेझल लिहिणाऱ्यांनी फॉर्म पाठवण्याआधी नाव झाकून वाचावा आणि हेच वाक्य एखाद्या कुलकर्णी साहेबांबद्दल लिहिलं असतं का ते स्वतःला विचारावं.

११. मीटिंगमध्ये मी मांडलेला मुद्दा दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या नावावर जमा होतो.

मुद्दा आदल्या दिवशी मेलवर टाका आणि मीटिंगचं इतिवृत्त कोण लिहितं ते बघा. फक्त ते लिहिण्याचं काम कायमचं स्वतःकडे घेऊ नका, नाहीतर प्रश्न १ मधल्या फायलीच पुन्हा हातात येतील.

१२. खरे निर्णय संध्याकाळी हॉटेलात होतात. मी तिथे जाऊ शकत नाही.

कास रोडचं हॉटेल असो की हायवेवरचा ढाबा, गेलं तर गावभर चर्चा, नाही गेलं तर सकाळी सगळं ठरलेलं. इथे माझं मत मालकांना उद्देशून आहे, कारण बाईच्या हातात यात फारसं काही नाही. जेवायला जरूर जा. पण बढती, बदली, नवं मशीन, नवा सप्लायर यातलं काहीही दुसऱ्या दिवशी ऑफिसात, संबंधित सगळे समोर असताना पुन्हा मांडल्याशिवाय ठरलं असं धरायचं नाही, हा नियम घाला. याचा फायदा बायकांइतकाच न पिणाऱ्या आणि लवकर घरी जाणाऱ्या पुरुषांना होतो. ते उघड बोलत नाहीत, फोनवर बोलतात.

१३. बाईच बाईची शत्रू असते. माझी बॉस बाईच आहे आणि तीच जास्त त्रास देते.

देत असेल. बाई झाली म्हणून कुणी चांगला बॉस होत नाही. प्रश्न २ मधल्या प्रयोगात दिसलंच, की चष्मा दोघांच्याही डोळ्यांवर असतो. शिवाय वर एकाच बाईला जागा आहे असं वातावरण असेल, तर दुसरी आली की पहिलीला धसका बसणारच. त्रास देणारे पुरुष बॉस मात्र 'कडक' म्हणून खपतात, तिथे कुणी "पुरुषच पुरुषाचा शत्रू" म्हणत नाही.

१४. हे सगळं पॉशच्या समितीकडे नेता येतं का?

सगळं नाही. पॉश हा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. कमी पगार, हुकलेली बढती, रात्रीची शिफ्ट नाकारणं हे त्यात थेट येत नाही. त्यासाठी वेतन संहिता, प्रसूती लाभाच्या तरतुदी किंवा कंपनीची तक्रार यंत्रणा. पण लैंगिक अर्थाचं बोलणं, सूचक विनोद, आणि अशा वागण्याशी जोडून दिलेली बढतीची लालूच किंवा नोकरीची धमकी हे पॉशमध्ये येतं. "साहेबांच्या मर्जीतली म्हणून खुर्ची मिळाली" अशी कुजबूज हा वर गेलेल्या बाईवरचा सर्वांत जुना हल्ला आहे. तिचा रोख चारित्र्यावर असेल तर तीही समितीपुढे मांडता येते.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि एक बाहेरचा सदस्य. तक्रार लेखी, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिचा पत्ता साताऱ्यात जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळतो. आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे.

१५. कायद्यानं बाई डायरेक्टर ठेवावीच लागते ना? मग प्रश्न कुठे उरला?

२०१३ च्या कंपनी कायद्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, आणि १०० कोटी भरणा भांडवल किंवा ३०० कोटी उलाढाल असलेल्या पब्लिक कंपन्यांना किमान एक स्त्री संचालक लागते. घरचीच बाई बसवून मोकळं होता येऊ नये, म्हणून शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून स्वतंत्र स्त्री संचालक सक्तीची केली. आपल्या एमआयडीसीतली बहुतेक युनिटं प्रायव्हेट लिमिटेड किंवा भागीदारीतली, त्यांना यातलं काहीच लागू नाही. तिथे सूनबाई किंवा वहिनी कागदोपत्री संचालक असतात, बऱ्याचदा करासाठी. काही जणी खरोखर कारभार बघतात आणि उत्तम बघतात. पण त्यावरून कंपनी बायकांना संधी देते असं म्हणता येत नाही. घराण्याबाहेरची बाई त्या मजल्यावर आहे का, ते बघावं.

सहकारात राज्याच्या कायद्यानं संस्थांच्या समितीवर स्त्रियांसाठी दोन जागा राखीव आहेत. पतसंस्थांमध्ये त्या कशा भरल्या जातात हे सगळ्यांना माहीत आहे. पण याच जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँकही आहे. गावच्या बायकांनी चेतना सिन्हा यांच्यासोबत परवान्यासाठी अर्ज केला तेव्हा तो नाकारला गेला, कारण प्रवर्तक निरक्षर होत्या. त्या साक्षरता वर्गाला बसल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेकडे गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचा हिशोब सांगा, आम्ही तोंडी करतो. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. दोन राखीव जागांवर सह्यांपुरत्या बसवलेल्या बायकांना कुणी हिशोब विचारत नाही, हाच फरक.

१६. बरीच वर्षं डावललं आणि आता अचानक तोट्यातल्या विभागाची हेड केलं आहे. खूश व्हावं का?

थोडं थांबा. इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठाच्या मिशेल रायन आणि अ‍ॅलेक्स हॅसलम यांनी २००५ मध्ये दाखवलं, की लंडनच्या बड्या कंपन्यांत संचालक मंडळावर बाई घेतली जाते ती बऱ्याचदा कंपनीची कामगिरी आधीच घसरलेली असताना. यश आलं तर ठीक, बुडालं तर "बाईला दिलं म्हणून." स्वीकारू नका असं मी म्हणत नाही, अशा जागीच नाव होतं. पण आधी चार गोष्टी कागदावर घ्या: मागच्या तीन वर्षांचे आकडे, माणसं बदलण्याचा अधिकार, बजेट, आणि निकाल मोजायला किमान किती काळ देणार ते.

१७. मी मालक आहे. कोटा ठेवायचा नाही, पण सुधारायचं आहे. नेमकं काय करू?

महिला दिनाचा कार्यक्रम आधी विसरा. ८ मार्चला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतात, गुलाब वाटतात, संगीत खुर्ची होते, आणि कार्यक्रमाची सगळी धावपळ ऑफिसातल्या बायकांनीच केलेली असते. सावित्रीबाईंचं नायगाव खंडाळा तालुक्यातच आहे, शिरवळच्या कारखान्यांपासून काही फार लांब नाही. त्यांना गुलाब आवडले असते की नाही देव जाणे.

दर तिमाहीला एक कागद करा. कस्टमर भेट, नवं मशीन, ब्रेकडाउन, सप्लायरशी वाटाघाटी, प्रशिक्षणाला पाठवणं: कुणाला काय दिलं. बढतीची जागा निघाली की सूचना फलकावर लावा, निकषांसह. बढत्या आधी मनात ठरवून नंतर जाहीर करण्याची सवय सोडा. इंटरव्ह्यूत सगळ्यांना तेच प्रश्न. स्वच्छतागृहाचं वर आलंच आहे (प्रश्न ३), मीटिंगच्या वेळेचंही (प्रश्न ४). एवढं वर्षभर केलंत तर सल्लागाराची गरज पडणार नाही. माझीही नाही.

१८. मी पुरुष आहे. माझा नंबर असताना "बाई दाखवायची आहे" म्हणून तिला बढती दिली. हा भेदभाव नाही का?

असू शकतो. खासगी कंपनीत बायकांसाठी बढतीत आरक्षण कायद्यानं नाही, आणि फोटोत दिसावी म्हणून कुणाला खुर्चीत बसवणं हा तिच्यावरही अन्याय आहे, कारण पहिल्या चुकीला तेच ऐकवलं जातं. पण "माझा नंबर" म्हणजे काय ते आधी तपासा. ज्येष्ठता हा लेखी निकष होता का? नसेल तर तुम्ही दोघंही एकाच अंधारात होता. निकष मागा, तुमचे आणि तिचे गुण मागा. पॉशखाली तक्रार फक्त स्त्रीला करता येते, पण बढतीतल्या अन्यायाची तक्रार कंपनीच्या यंत्रणेत कुणीही करू शकतं. ती सहकारी म्हणून चांगली असेल तर राग तिच्यावर काढू नका, बढतीचा निर्णय तिनं घेतलेला नाही.

१९. बढती आहे, पण चाकणच्या प्लांटला. नवऱ्याची नोकरी आणि मुलाची शाळा साताऱ्यात. नाही म्हटलं तर पुन्हा कधी विचारतील का?

बदलीची अट सगळ्यांना सारखी असेल तर ती बेकायदा नाही. आधी बघा, त्या पदावर आतापर्यंत चढलेले पुरुष सगळे चाकणला गेले होते का, की काहींनी साताऱ्यात बसून आठवड्यातून दोन दिवस ये-जा केली. तसं झालं असेल तर तीच सवलत नाव घेऊन मागा. नाही म्हणायचं असेल तर "नको" असं न लिहिता "या वर्षी नको, पुढच्या जूनपासून तयार आहे" असं लिहा, म्हणजे फाइलवर अनिच्छेचा शेरा पडणार नाही. हो म्हणायचं असेल तर राहण्याचा खर्च, शाळेचं वर्ष संपेपर्यंतची मुदत आणि साताऱ्याला परतायची तारीख नेमणूकपत्रात घालून घ्या. साहेब तोंडी हो म्हणतील, पण पुढच्या वर्षी त्यांचीच बदली झालेली असू शकते.